तान्ह्या बाळाचा मेडिक्लेम: तीस दिवसांची मुदत आणि तिच्यामागचे प्रश्न

कंपनीच्या ग्रुप मेडिक्लेममध्ये कुणाची नावे असतील हे पॉलिसीचे वर्ष सुरू होतानाच ठरते. त्यानंतर राहून गेलेल्या आईवडिलांचे नाव घालता येत नाही, की थोरल्या मुलाचे. आधीपासून नोकरीत असलेल्या माणसाला वर्षाच्या मध्येच घरातले नवे नाव चढवायला साधारणपणे दोनच निमित्ते चालतात: लग्न आणि बाळाचा जन्म. दोन्हींना मुदत असते. बहुतेक कंपन्यांत ती ३० दिवसांची, काही ठिकाणी त्याहून कमी किंवा जास्त. लग्नाची तारीख महिनोन्महिने आधी ठरलेली असते. बाळाचे तसे नाही. कधी आठव्या महिन्यातच कळा सुरू होतात, मध्यरात्री सिझर होते, बाळाला पेटीत ठेवतात, आणि त्याच घडीपासून ही मुदत मोजली जाऊ लागते. आपल्याकडे बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही. मुदत त्याआधीच संपलेली असते.

या प्रश्नाबद्दल माझे मत सरळ आहे. विमा बाळाला जन्माबरोबरच मिळायला हवा, आणि यादीत नाव चढवणे ही मागाहून होणारी कारकुनी असावी. चांगल्या ग्रुप पॉलिसींत आजही जवळपास असेच लिहिलेले असते. तरीही प्रत्यक्षात पालकांची धावाधाव होते, दावे अडकतात आणि नोकरदार माणसे ऐन बाळंतपणाच्या दिवसांत कर्ज काढतात. हे का होते हे समजून घ्यायचे तर या व्यवस्थेचे सांधे एकेक करून पाहावे लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे आपल्याकडची ही ३० दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेच्या, कक्षेबाहेरच्या खासगी कंपनीने कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला आरोग्य विमा द्यावा अशी सक्ती नाही. ती कंपनीची सवलत असते, आणि ती कशी असेल हे कंपनी आणि विमा कंपनी यांच्यातल्या करारात ठरते. विमा नियामकाने, म्हणजे आयआरडीएआयने, नवजात बाळाची व्याख्या करून दिली आहे: पॉलिसीच्या काळात जन्मलेले, ९० दिवसांपर्यंतचे बाळ. पण व्याख्या दिली म्हणजे संरक्षण दिले असे होत नाही. त्या ९० दिवसांत बाळाला काय मिळेल हे ज्या त्या पॉलिसीवर सोडलेले आहे. बाजारातल्या बऱ्याच वैयक्तिक पॉलिसी बाळाला ९१व्या दिवसापासूनच घेतात. सर्व सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांनी विकावी म्हणून १ एप्रिल २०२०पासून आणलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीतही मुलांचे किमान वय तीन महिने आहे. म्हणजे आयुष्यातले सर्वांत नाजूक तीन महिने खासगी नोकरी करणाऱ्या कितीतरी घरांना कंपनीचा मेडिक्लेम सोडून दुसरा आधारच नसतो. म्हणून त्यातला प्रत्येक शब्द महत्त्वाचा ठरतो.

आता नाव चढते कसे ते पाहू. पालक एचआरला मेल करतात किंवा कंपनीच्या पोर्टलवर बाळाची जन्मतारीख भरतात. एचआर ती माहिती ब्रोकरकडे पाठवते, ब्रोकर विमा कंपनीकडे. विमा कंपनी पॉलिसीला एन्डोर्समेंट, म्हणजे बदलाची पुरवणी, जोडते, मग ते नाव टीपीएच्या, म्हणजे दावे हाताळणाऱ्या त्रयस्थ संस्थेच्या, यादीत येते आणि ई-कार्ड निघते. इतक्या हातांतून जाताना दिवस मोडतात. अनेक ठिकाणी नव्या नावांची यादी महिन्यातून एकदाच पुढे जाते. शिवाय पैशाचा एक अडसर असतो, ज्याची कर्मचाऱ्याला कल्पनाही नसते. विमा कायदा १९३८च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता आधी मिळाल्याशिवाय विमा कंपनीला जोखीम घेता येत नाही. म्हणून मोठ्या कंपन्या विमा कंपनीकडे आगाऊ रक्कम ठेवतात, तिला सीडी खाते म्हणतात. नव्या माणसाचा हप्ता तिथून वळता होतो. खात्यात पैसे कमी पडले तर एन्डोर्समेंट थांबते, आणि पालकांना फक्त ‘प्रोसेसमध्ये आहे’ एवढेच उत्तर मिळत राहते. हप्ता माणशी न ठरवता कुटुंबामागे ठरवलेला असेल तर बाळासाठी वेगळा पैसा भरावा लागत नाही आणि हा अडसर राहत नाही.

एन्डोर्समेंट हातात आली की त्यातली एक तारीख आवर्जून पाहावी. विमा लागू झाल्याची तारीख बाळाची जन्मतारीख आहे, की एचआरने कळवल्याची, की विमा कंपनीने नोंद केल्याची? बाळ जन्मल्या दिवशीच एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात, गेले असेल आणि कागदावर बाराव्या दिवसाची तारीख पडली असेल, तर पहिल्या अकरा दिवसांच्या बिलावर वाद होणारच. ही चूक मुद्दाम कुणी करत नाही. संगणकात जी तारीख आपोआप येते तीच राहून जाते. पण तिचा भुर्दंड पालकांना पडतो.

नाव चढले म्हणजे खर्च निघाला, असेही नाही. माझ्या मते सगळ्यात मोठा घोळ इथे आहे आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोलले जाते. ग्रुप मेडिक्लेममध्ये बाळंतपणाला वेगळी मर्यादा असते. कुटुंबाची विमा रक्कम पाच लाखांची असली तरी बाळंतपणासाठी अनेक कंपन्या ५० हजार, ७५ हजार किंवा लाखभर एवढेच देतात, सिझरला थोडे जास्त. प्रश्न असा की बाळावर झालेला खर्च कुठल्या खात्यात धरायचा? काही पॉलिसींत तो बाळंतपणाच्या मर्यादेतच मोजतात. काही पॉलिसींत बाळाला पहिल्या दिवसापासून कुटुंबाच्या पूर्ण विमा रकमेचा लाभ मिळतो. या दोन वाक्यरचनांतला फरक लाखो रुपयांचा आहे.

समजा बाळंतपणाची मर्यादा ७५ हजार आहे. आईचे सिझर, खोली, औषधे मिळून ९० हजार झाले. बाळ सात आठवडे आधी आले, दोन आठवडे पेटीत राहिले आणि त्याचे वेगळे बिल साडेतीन लाख आले. पहिल्या प्रकारच्या पॉलिसीत मर्यादा आईच्या बिलातच संपलेली असते, बाळाचे साडेतीन लाख संपूर्ण खिशातून जातात. दुसऱ्या प्रकारच्या पॉलिसीत त्यातले बहुतेक सगळे परत मिळतात. दोन्ही कंपन्यांच्या माहितीपत्रकावर मात्र ‘मॅटर्निटी आणि न्यू बॉर्न बेबी कव्हर’ असेच छापलेले असते.

हा धोका विरळ नाही. २०२० साली भारतात सुमारे ३० लाख बाळे दिवस भरण्याआधी जन्मली, असा जागतिक अभ्यासांचा अंदाज आहे. दिवस भरलेल्या बाळांतही कावीळ इतकी सर्रास दिसते की निम्म्याहून अधिक बाळांना ती थोडीफार होतेच, आणि त्यांतल्या काहींना निळ्या प्रकाशाखाली ठेवावे लागते. सिझरचे प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात २५.४ टक्के निघाले, आणि देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. नोकरदार कुटुंबे मुख्यतः याच खासगी रुग्णालयांत जातात. तेव्हा बाळंतपणाची मर्यादा आईच्या बिलातच संपणे हा अपवाद मानता येत नाही.

कागदपत्रांचा भाग त्या मानाने सोपा आहे, फक्त पहिलटकरणीने माहेरी जाण्याच्या आपल्या प्रथेमुळे त्यात गुंतागुंत होते. नोकरी पुण्याला, बाळंतपण सांगलीला किंवा लातूरला. जन्माची नोंद बाळ जिथे जन्मले तिथल्याच महापालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत होते. रुग्णालयात जन्म झाला तर कळवण्याची जबाबदारी रुग्णालयाची असते. २१ दिवसांच्या आत नोंद विनाशुल्क होते, नंतर उशिराचे शुल्क लागते. दाखला हाती यायला वेळ लागतो आणि वडील तर सुटी संपवून पुण्याला परतलेले असतात. अशा वेळी दाखल्याची वाट पाहत बसू नये. रुग्णालयाचे डिस्चार्ज कार्ड किंवा जन्माचे पत्र जोडून मुदतीत मेल करावा, दाखला मागाहून द्यावा. बारसे व्हायचे आहे म्हणून थांबण्याचेही कारण नाही. विम्याच्या यादीत बाळ आईच्या नावाने, ‘बेबी ऑफ’ अमुक, असे चढते. जन्मदाखल्यातही नाव नंतर घालता येते, वर्षाच्या आत विनाशुल्क आणि त्यानंतर शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत. पुढे नाव ठरले की ते पॉलिसीत बदलून घ्यावे आणि दाखल्यावरचे स्पेलिंग जसेच्या तसे ठेवावे. माहेरच्या गावातले रुग्णालय टीपीएच्या नेटवर्कमध्ये नसेल तर कॅशलेस मिळत नाही. बिल भरून परतावा मागावा लागतो. त्यासाठी बाळाचे बिल, पावत्या आणि इनडोअर केस पेपर आईच्या कागदांपासून वेगळे मागून घ्यावेत.

जन्मजात दोषांच्या बाबतीत पॉलिसी दोन प्रकार करतात. शरीराच्या दिसणाऱ्या भागातला दोष तो बाह्य, न दिसणारा तो आंतरिक. हृदयाला छिद्र असणे हा आंतरिक दोष, दुभंगलेला ओठ हा बाह्य. आंतरिक दोषांवरचे उपचार बऱ्याच ग्रुप पॉलिसींत मिळतात. बाह्य दोष मात्र वगळलेले असतात, किंवा जिवावर बेतणारे असतील तरच घेतलेले असतात. वैद्यकीय दृष्टीने ही विभागणी मला पटत नाही. ओठाबरोबर टाळूही दुभंगलेली असली तर बाळाला दूध ओढता येत नाही, त्याचे वजन वाढत नाही. हा दिसण्याचा प्रश्न मुळीच नाही. अशा पालकांनी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाकडे जावे. २०१३पासून चाललेल्या या सरकारी कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू, वाकडे पाऊल, जन्मजात हृदयदोष, मोतीबिंदू, बहिरेपणा यांची तपासणी आणि उपचार विनाशुल्क होतात, आणि त्याला उत्पन्नाची अट आड येत नाही.

लवकर जन्मलेल्या बाळांच्या डोळ्यांची तपासणीही इथे सांगायला हवी. त्यांच्या दृष्टिपटलातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. याला आरओपी म्हणतात, आणि वेळेत लेसर न झाल्यास अंधत्व येऊ शकते. पहिली तपासणी जन्मानंतर ३० दिवसांच्या आत व्हावी असे नेत्रतज्ज्ञ सांगतात, उपचार त्यानंतरच्या आठवड्यांत लागू शकतात. म्हणजे बाळ घरी आले, धोका टळला असे वाटून ज्यांनी नाव चढवायचे टाळले, त्यांना गरज पडते ती मुदत संपल्यावर.

आईवडील दोघेही नोकरी करत असतील तर बाळाचे नाव दोन्हीकडे घालावे. एका पॉलिसीची मर्यादा संपली की उरलेल्या रकमेचा दावा दुसरीकडे करता येतो. एकीकडे कॅशलेस घेतले तर त्या दाव्याचा हिशेब आणि बिलांच्या प्रमाणित प्रती दुसरीकडे द्यायच्या. जुळी झाली तर नोंद दोन्ही बाळांची करायची. दोनच मुलांची अट असलेल्या पॉलिसीत दुसऱ्या खेपेच्या जुळ्यांचे काय, हे आधी विचारून ठेवावे.

दत्तक बाळाचा प्रश्न मात्र अजून नीट सुटलेला नाही. नवजात बाळाची नियामकाने केलेली व्याख्या जन्मावर आधारलेली आहे. दत्तक बाळ घरी येते तेव्हा कधी चार महिन्यांचे असते, कधी दीड वर्षाचे. आधी ते पालकांच्या ताब्यात येते, जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश त्यानंतर निघतो. विम्याची मुदत यांतल्या कुठल्या दिवसापासून मोजायची हे कित्येक करारांत लिहिलेलेच नसते. घरी आलेल्या दिवसापासून मोजावी, हेच न्यायाचे आहे.

ज्यांचा पगार महिना २१ हजारांपर्यंत आहे त्यांची गोष्ट वेगळी आणि काही बाबतींत बरी आहे. ते ईएसआयमध्ये येतात. कर्मचारी ०.७५ टक्के आणि मालक ३.२५ टक्के वर्गणी भरतो. तिथे बाळंतपणाची पन्नास-पंचाहत्तर हजारांची मर्यादा नसते, जन्मजात दोष म्हणून वगळणे नसते. बाळ कुटुंबाचा घटक आहे, एवढे पुरते. नोंद मात्र इथेही करावी लागते. बाळाची माहिती मालकामार्फत किंवा ऑनलाइन भरली की ई-पहचान कार्डावर त्याचे नाव येते. कंत्राटी कामगारांत ही नोंद कितीदा तरी राहून जाते, कारण कंत्राटदार बदलत राहतो आणि कामगाराला आपला विमा क्रमांकही ठाऊक नसतो. युनियनने आणि मुख्य मालकाने इथे लक्ष घातले पाहिजे. पगार २१ हजारांच्या जरा वर गेला आणि कंपनीचा मेडिक्लेमही नाही, असा वर्ग तर सगळ्यात उघडा पडतो. त्याला जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचा आधार आहे. १ जून २०११ रोजी सुरू झालेल्या या कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे उपचार, औषधे आणि वाहतूक विनाशुल्क मिळते. नंतर ही सोय वर्षभराच्या बाळापर्यंत वाढवली गेली. जिल्हा रुग्णालयांतले एसएनसीयू, म्हणजे आजारी नवजात बाळांचे विशेष कक्ष, याच कामासाठी आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही नवजात बाळांच्या उपचारांची पॅकेजेस आहेत.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांना हाच प्रश्न निराळ्या रूपात भेटतो. अमेरिकेत १९९६च्या हिपा कायद्याने हा हक्कच करून टाकला आहे. जन्मानंतर किमान ३० दिवसांत नोंदणी मागितली तर कंपनीच्या योजनेला बाळ घ्यावेच लागते, आणि विमा जन्मतारखेपासून लागू होतो. दत्तक बाळासाठी घरी सोपवल्याची तारीख धरली जाते. आधी स्वतः योजनेबाहेर राहिलेल्या कर्मचाऱ्याला आणि जोडीदारालाही त्याच वेळी आत येता येते. आईवडील दोघांच्या योजना असतील तर बहुतेक ठिकाणी वाढदिवसाचा नियम चालतो: वर्षात ज्याचा वाढदिवस आधी येतो त्याची योजना आधी पैसे देते. मात्र ३० दिवस चुकले तर कंपनीच्या पुढच्या वार्षिक नोंदणीपर्यंत थांबावे लागते, आणि तिथल्या एनआयसीयूचे बिल भारतातल्या पगारदाराच्या कल्पनेपलीकडचे असते. न्यू जर्सीत किंवा बे एरियात एच-१बी व्हिसावर असलेल्या जोडप्याने बाळाच्या सोशल सिक्युरिटी नंबरची वाट पाहू नये, तो मागाहून देता येतो. दुबईत मालकावर सक्ती आहे ती कर्मचाऱ्याच्या विम्याची. बायको-मुलांचा विमा काढण्याची जबाबदारी त्यांना व्हिसावर बोलावणाऱ्याची असते. तिथे गेलेल्यांनी हे नोकरी स्वीकारतानाच विचारावे.

अमेरिकेची व्यवस्था महाग आहे, तिच्यात दोषही पुष्कळ आहेत. पण नवजात बाळाच्या विम्याची सुरुवात कोणत्या दिवशी होते, हे तिने कायद्यात लिहून टाकले. आपण ते एचआर आणि ब्रोकर यांच्या मेलांवर सोडले आहे.

दावा नाकारला गेलाच तर स्वस्थ बसू नये. आधी विमा कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यातही त्यांची कार्यालये आहेत. ग्रुप पॉलिसीतला कर्मचारीही तिथे तक्रार करू शकतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, आणि ५० लाखांपर्यंतचे दावे ऐकले जातात. विमा कंपनीच्या नकारानंतर वर्षाच्या आत जायला हवे. मुदतीत पाठवलेला तो एक मेल अशा वेळी मोलाचा पुरावा ठरतो. नोकरी सोडताना मात्र सावध राहावे. आईने बाळंतपणाच्या रजेनंतर राजीनामा दिला तर तिच्या कंपनीच्या पॉलिसीतून बाळही बाहेर पडते. ग्रुपमधून त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाता येते आणि झालेला प्रतीक्षा काळ मोजून घेता येतो, पण त्यासाठीचा अर्ज शेवटच्या दिवसाआधी व्हायला हवा.

नियामकाने एक नियम केला तर यातल्या बहुतेक तक्रारी संपतील: ज्या ग्रुप पॉलिसीत आई आहे, तिथे बाळ जन्मापासून ९० दिवस, पूर्ण विमा रकमेपर्यंत, नोंदणी झाली असो वा नसो, आपोआप सामावलेले असेल. व्याख्या तयार आहे, तिला फक्त हक्काची जोड द्यायची आहे. तोवर कंपन्यांच्या एचआर विभागांना विनंती आहे की पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी हे कलम ब्रोकरकडे मागून घ्या. आणि ज्यांच्या घरी सातवा महिना लागला आहे त्यांनी याच आठवड्यात एचआरला मेल करून चार गोष्टींचे लेखी उत्तर घ्यावे: बाळाचे नाव किती दिवसांत कळवायचे, विमा जन्मतारखेपासून लागू होतो का, बाळाचा खर्च बाळंतपणाच्या मर्यादेत धरतात की पूर्ण विमा रकमेत, आणि जन्मजात दोषांपैकी कोणते वगळले आहेत.